बाहेरचा पत्ता

गोकुळाने काळ्या पडद्यावर वेबसाइटचं नाव पुन्हा एकदा टाइप केलं, या वेळी एकेक अक्षर ओठांत म्हणत, आणि कळ दाबली. उत्तर लगेच उमटलं. असं नाव अस्तित्वात नाही.

संगणक खोलीच्या दाराशी लच्छू उभा होता. बॉयलर विभागातला फिटर, सिरोंच्याकडचा. हेल्मेट काखेत धरून तो रोज चहाच्या सुट्टीत इथवर येई, पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकत नसे. बुटांना राख असते म्हणे.

“काय म्हणते, मॅडम?”

“नाई म्हणते.”

लच्छूने मान हलवली. त्याची बायको नाशिकला एका दवाखान्यात नर्स होती, आणि लग्नानंतर दोघं एका छपराखाली राहिली होती ती फक्त सुट्ट्यांपुरती. यंदा कंपनीने बदलीचे विनंती अर्ज कागदावर न घेता वेबसाइटवर घ्यायचं ठरवलं होतं आणि ते काम पुण्याच्या एका संस्थेकडे सोपवलं होतं. ती वेबसाइट चंद्रपुरातल्या सायबर कॅफेत उघडत होती. लच्छू तिथेही जाऊन आला होता. पण अर्ज अर्ध्यावर आला की शहरात भारनियमनाची वीज जाई आणि पडदा काळा होई. जिथे वीज तयार होत होती, त्या कारखान्यातल्या संगणकांवर मात्र ती वेबसाइट उघडतच नव्हती. मुदत महिनाअखेरपर्यंत होती. दोन हजार सातचा एप्रिल निम्म्यावर आला होता.

“होऊन जाईन,” गोकुळा म्हणाली. लच्छू हेल्मेट डोक्यावर चढवून उन्हात निघून गेला.

वेबसाइट का उघडत नाही, ते तिच्या लक्षात आलं होतं. माणसं नाव टाइप करतात, यंत्रांना आकड्यांचा पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगायचं काम कारखान्यात दोन सर्व्हर करत. एक या खोलीत होता, दुसरा वसाहतीच्या कार्यालयात. दवाखाना, शाळा, वाचनालय त्या दुसऱ्याला विचारत. कंपनीच्या आडनावाची, म्हणजे शेवटी कंपनीचं नाव असलेली, जेवढी म्हणून नावं, तेवढी सगळी आपल्याच घरातली, अशी या दोघांची ठाम समजूत करून दिलेली होती. त्यामुळे तसलं नाव आपल्या यादीत सापडलं नाही, की ते बाहेर कुणाला विचारायला जात नसत. नाही म्हणून मोकळे होत. आता ही बदलीची वेबसाइट आडनावाने कंपनीची होती, पण तिचं बिऱ्हाड पुण्यात होतं.

तिने हे शालिकराम बोरकुटे साहेबांना समजावून सांगितलं. संगणक विभागाचे ते प्रमुख, निवृत्तीला आलेले. ऐकताना ते खिडकीतून बाहेर बघत होते. खिडकीत कूलिंग टॉवरची पांढरी वाफ होती, इतकी संथ, की ती वर चढते आहे का जागच्या जागी उभी आहे, हे कळत नसे. मग बाहेरचा पत्ता आपल्या यादीत लिहून टाका, तुम्हीच करा, असं म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

उन्हाळ्यात या खोलीइतकी गार जागा कारखान्यात दुसरी नव्हती. यंत्रांसाठी केलेल्या गारव्यात गोकुळा दिवसभर बसे. पंख्यांचा एकसुरी आवाज कानात इतका मुरला होता, की दुपारच्या वेळी त्याच्याखाली दुसराच एखादा आवाज चालू असल्यासारखं वाटे. पाण्याचा. उतरत्या दगडावरून सावकाश खाली येणाऱ्या पाण्याचा.

तो आवाज तिने आदल्या वर्षी ऐकला होता. प्रशिक्षणासाठी कंपनीने तिला वेळदऱ्याला पाठवलं होतं. पार तिकडे, घाटाच्या माथ्यावर पाण्यावर चालणारं केंद्र होतं. कोळसा नाही, राख नाही. धरणामागे डोंगरांच्या कुशीत शिरत गेलेला जलाशय. पहाटे पाण्यावर धुकं बसलेलं असे आणि ते उठायच्या आत ती वसतिगृहातून निघून काठावर जाई. चपला काढून पाय पाण्यात सोडून बसे. तिचं माहेर सावली गावाकडच्या तलावाकाठचं, बाप ढिवर, मासे धरणारा. पाण्यात पाय सोडून बसणं हे तिला नवीन नव्हतं. नवीन होतं ते असं, की कुणी हाक मारत नव्हतं. तिथल्या संगणक खोलीत एक जागा रिकामी आहे, असं शेवटच्या दिवशी कुणीतरी सहज बोलून गेलं. ते वाक्य घेऊन ती परत आली, आणि तेव्हापासून ते तिच्याजवळ होतं.

सांगणार कुणाला? तिचा नवरा हेमराज राख विभागात होता. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळच्या वेळी त्याच्या गाडीसमोर रानडुक्कर आडवं आलं, आणि तो जागीच गेला. तेरवी आटोपल्यावर सावलीला सासरच्या घरात बैठक बसली. अनुकंपेवर नोकरी कुणाच्या तरी एकाच्या नावाने लागणार होती. धाकटा दीर देवानंद दहावी झालेला, बिनकामाचा. घराण्याची नोकरी घरात राहावी, असं सगळ्या पुरुषांचं मत पडलं. गोकुळा बीएस्सी झालेली होती, पण तिला मूलबाळ नव्हतं, वय लहान होतं. उद्या ही दुसरं घर करील, मग काय, असं एकाने तिच्या देखतच विचारलं. तेव्हा दाराआड बसलेली सासू, सुगंधाबाई, उठून बाहेर आली. शाईचा पॅड आपल्याकडे ओढून तिने गोकुळाच्या संमतिपत्रावर अंगठा उठवला आणि पदराला बोट पुसत परत आत जाऊन बसली.

देवानंद त्यानंतर आईशी बोलला नाही. सुगंधाबाई एका गाठोड्यानिशी गोकुळाच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. दोघींमध्ये बोलणं थोडं होई. डबा भरलेला असे, परत आल्यावर चहा ठेवलेला असे. गोकुळा तिला आत्या म्हणे. रात्री अंगणात दोन खाटा टाकलेल्या असत आणि दोघींच्यावर एकच आभाळ असे, कारखान्याच्या उजेडाने थोडं तांबूस झालेलं. जिने स्वतःच्या पोराला डावलून आपल्याला उभं केलं, तिला टाकून जायचं कसं, हा विचार गोकुळाला एकदाच आला होता. त्यानंतर तो विचार म्हणून आला नाही. घरात एखादी कपाटासारखी वस्तू असावी तसा तो असे, आणि ती त्याला वळसा घालून जाई.

तिने यादीची फाइल उघडली, खाली एक ओळ वाढवली, नाव आणि त्यापुढे पुण्याचा आकडा. सर्व्हरला यादी पुन्हा वाचायला लावली. मग वेबसाइट उघडून पाहिली. निळं पान आलं. कर्मचारी क्रमांक विचारणारी चौकट, खाली केंद्रांची नावं. नावं अक्षरांच्या क्रमाने होती. ती शेवटापर्यंत गेली, वेळदऱ्यावर बाण ठेवला आणि पान बंद केलं. उघडतं की नाही, एवढंच तर बघायचं होतं.

त्या दिवशी कारखान्यात सगळीकडे वेबसाइट उघडली. वसाहतीत उघडेना. वाचनालयातला संगणक अजून नाहीच म्हणत होता. दोन दिवस तिने तारा तपासल्या, वसाहतीच्या कार्यालयात सायकलने जाऊन आली. मग एका दुपारी फाइल नुसतीच न्याहाळत बसली असता तिला अगदी वरच्या ओळीतला अनुक्रमांक दिसला. यादीत बदल केला की तो वाढवायचा असतो. दुसरा सर्व्हर तेवढा आकडाच बघतो. वाढलेला दिसला तर नवी यादी मागून घेतो, नाहीतर जुन्यावर समाधानी राहतो. तिने तो वाढवलेलाच नव्हता. तिला स्वतःशीच हसू आलं. आकडा एकाने वाढवला, आणि संध्याकाळपर्यंत वाचनालयातही निळं पान उघडलं.

पुढचे दिवस तिच्याकडे माणसं येत राहिली. नाव कुठे लिहायचं, पसंतीची केंद्रं किती द्यायची, असं विचारत. त्यातली बरीचशी घराजवळ जायला निघालेली होती. बदली मागता येईल इतकी नोकरी गोकुळाचीही झाली होती, पण तिला तसं कुणी विचारलं नाही. सगळे गेले की ती पान पुन्हा एकदा उघडून बघे. तिच्या मनातल्या त्या काठावर धुकं अजून उठलेलं नसे. पाणी घोट्यापर्यंत असे, आणि गार.

लच्छूचा अर्ज राहूनच गेला. बॉयलर दुरुस्तीला काढला होता. महिना संपेपर्यंत त्याला आतून बाहेर पडायला फुरसत मिळाली नाही. शेवटच्या दिवशी सकाळी तो आला तो धापा टाकतच, आणि पहिल्यांदाच उंबरठा ओलांडून आत आला.

“मॅडम, पान खुलून नाई राह्यलं.”

गोकुळाने पाहिलं. खरंच उघडत नव्हतं. नाव सापडत होतं, पत्ताही मिळत होता, पण त्या पत्त्यावर कुणी नव्हतं. तिने पुण्याला फोन लावला. पलीकडच्या मुलीने सहज सांगितलं, की शेवटच्या दिवसाची गर्दी पेलावी म्हणून त्यांनी रात्रीच सगळं मोठ्या यंत्रावर हलवलंय. पत्ता बदललाय. बाहेर तर सगळीकडे व्यवस्थित चाललंय, तिथेच का अडलंय?

इथेच अडणार होतं. इथल्या यादीत गोकुळाने स्वतःच्या हाताने जुना पत्ता लिहून ठेवला होता, आणि सर्व्हर इमानाने तोच सांगत होता. नवा पत्ता लिहिणं दोन मिनिटांचं काम होतं. तिने विचारून घेतला, टाइपही केला. पण तिचा हात कळेवर थांबला. गर्दी ओसरली की ते परत जुन्या यंत्रावर जाणार नाहीत कशावरून? आज दुपारीही जातील. तिने त्या मुलीला विचारलं, की या नावाचा पत्ता सांगणारे तुमचे स्वतःचे सर्व्हर आहेत का. आहेत, मुलगी म्हणाली, आणि त्यांची नावं सांगितली.

गोकुळाने लिहिलेली ओळ पुसली. तिच्या जागी दुसरी लिहिली. तिचा अर्थ एवढाच होता, की हे नाव आपलं असलं तरी याचा ठावठिकाणा आपल्याला ठाऊक नाही. तो त्यांना विचारावा, ते सांगतील तो खरा. वरचा अनुक्रमांक न विसरता वाढवला. बोरकुटे साहेब मागे येऊन उभे होते. त्यांनी ओळ वाचली, वाचून झाल्यावर पुन्हा वाचली, आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. बाहेरून उत्तर आत यायला मुख्य कार्यालयाने संगणकांच्या सुरक्षेसाठी घातलेल्या भिंतीतून वाट मोकळी करून घ्यावी लागणार होती. त्यासाठी मुंबईला फोन साहेबांनीच केला. बराच वेळ ते ताठ आवाजात बोलत होते. इतक्या वर्षांत गोकुळाने त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता.

सकाळची शिफ्ट सुटायच्या आत पान उघडलं. लच्छूने तिच्याच संगणकावर अर्ज भरला. त्याची बोटं जाड होती, एका वेळी दोन कळा दाबल्या जात. शेवटी ‘आपला अर्ज मिळाला’ अशी ओळ आली, तेव्हा त्याने ती वाचली, मग तिला वाचून दाखवायला सांगितली. तिने वाचून दाखवली.

तो गेल्यावर खोलीत तीच राहिली. पान अजून समोर उघडं होतं. तिने आपला कर्मचारी क्रमांक टाकला. खाली जाऊन वेळदऱ्यावर बाण आणला. पंख्यांच्या आवाजाखालचा तो आवाज आज स्पष्ट येत होता. ती तशीच बसली. कंपनीच्या बसचा भोंगा वाजला तेव्हा तिने पान बंद केलं, पर्स उचलली आणि दिवा मालवला.

घरी सुगंधाबाई मागच्या अंगणात सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत बसली होती. ऊन भिंतीवर चढलं होतं. गोकुळाने पायांवर पाणी घेतलं आणि पायरीवर टेकली.

सुगंधाबाईने मान वर न करता सांगितलं, की तो फिटर येऊन गेला. आभार मानायला आला होता, दारातच उभा राहून रडला. त्याचं काम झालं म्हणे.

“हो, झालं.”

“आज आखरीचा दिवस आहे म्हणे.”

“हो.”

सुगंधाबाईने एक खडा निवडून बाजूला टाकला.

“मंग तुह्यं काऊन नाई केलं?”

गोकुळाने तिच्याकडे पाहिलं. म्हातारीची बोटं डाळीतून फिरत होती.

“माह्यं काय करायचं आहे, आत्या?”

“झोपेत बोलतेस तू,” सुगंधाबाई म्हणाली. “वेळदरा, वेळदरा. साल झालं ऐकून राह्यली मी. पयले मले वाटलं, कोण्या माणसाचं नाव आहे.”

गोकुळाचा हात पायरीवर होता तिथेच राहिला.

“मंग?” तिने विचारलं.

“मंग काय. असन, म्हटलं. तरणी आहे पोरगी.” तिने सूप एकदा पाखडलं; फोलपट उडून भिंतीपाशी जाऊन पडलं. “शेजारच्या जयाले इचारलं एक दिवस. थे म्हणे, माणूस नोहे, धरण आहे. लय पाणी आहे म्हणे तिथी.”

साल झालं, म्हणजे प्रशिक्षणाहून आल्यापासून. इतक्या रात्री शेजारच्या खाटेवर ही बाई जागी राहून ऐकत होती, परक्या पुरुषाचं नाव समजून ऐकत होती, आणि सकाळी उठून डबा भरत होती.

“तुमाले टाकून कशी जाऊ?” शेवटी ती म्हणाली. इतका काळ ज्याला वळसा घातला, ते असं सरळ तोंडातून निघाल्यावर तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान झालं.

“टाकून काऊन?” सुगंधाबाईने पहिल्यांदा मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर खरंच प्रश्न होता. “मी देवानंदाकडे नाई जात. अन् या क्वार्टरात एकटीले कोण राहू देते? मी येतो ना संगं.”

ती सूप बाजूला ठेवून उठली, गुडघ्यांवर हात देत. वाचनालय किती वाजता बंद होतं, ते तिने विचारलं. तिथल्या मशिनीवर भरता येत असेल तर आताच चल म्हणाली. आपणही येतो म्हणाली, पाय मोकळे होतील.

रस्त्यावर दिवे लागत होते. गुलमोहराखाली पडलेली फुलं राखेने मळकी दिसत होती. सुगंधाबाई पुढे चालली होती, डोक्यावरचा पदर सारखा करत, आणि कधी न विचारलेलं सारं विचारत होती. तिथे भात पिकतो का, थंडी किती असते, बाजार जवळ आहे का. गोकुळा ठाऊक होतं तेवढं सांगत होती. पुष्कळसं तिला ठाऊक नव्हतं. तिथे बाजार कुठे भरतो, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

वाचनालयात कोपऱ्यातला संगणक रिकामा होता. गोकुळाने सुगंधाबाईसाठी खुर्ची ओढली. नाव टाइप केलं आणि कळ दाबली. आतल्या यंत्राने बाहेर विचारलं, बाहेरून उत्तर आलं, आणि निळं पान उघडलं. सुगंधाबाई पडद्याकडे बघत होती, न कळणाऱ्या गोष्टीकडे माणूस आदराने बघतो तशी. गोकुळाने एकेक रकाना भरला. केंद्रांच्या नावांत शेवटी गेली आणि वेळदरा निवडलं. आता फक्त पाठवायचं उरलं होतं.

तिने नेहमीसारखे डोळे क्षणभर मिटले. धुकं होतं. पाणी होतं. काठ रिकामा होता, पहिल्यापासून रिकामाच होता. तिथे तिने आजवर कुणालाच येऊ दिलं नव्हतं. तिने म्हातारीला तिथे आणून बघितलं. कुठे बसवावं, ते समजेना. दगडावर बसवली तर ती परकी दिसू लागली, पाहुणी आल्यासारखी. वर वसतिगृहाच्या कट्ट्यावर ठेवली तर तिथून ती सारखी खाली बघत होती. गोकुळाला वाटलं, हे पाणी आता आपल्या एकटीचं राहणार नाही. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचं आणखी वाईट वाटलं.

शेजारी सुगंधाबाईने खुर्चीतल्या खुर्चीत पाय वर घेतले. भेगाळलेले, रुंद, आता कोरडे ठक्क पडलेले पाय. हीसुद्धा तलावाकाठचीच. या कोळशाच्या गावात येऊन दिवस काढताना तिने एकदाही पाण्याचं नाव काढलं नव्हतं.

गोकुळाने पुन्हा डोळे मिटले. या वेळी म्हातारी तिला विचारायला थांबली नाही. नऊवारीचा काष्टा वर खोचून ती सरळ पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत, मग आणखी थोडी पुढे, आणि धुक्यात पाठमोरी उभी राहिली.

“झालं का?” सुगंधाबाईने विचारलं.

“होते आता,” गोकुळा म्हणाली, आणि कळ दाबली.